रेक्रेआतिवो दे वेल्वा: स्पेनच्या सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यापलीकडे स्पेनमध्ये फुटबॉल आहे, हे आपल्याकडे मॅच बघणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्या पलीकडच्या जगातल्या क्लबांबद्दल मराठीत काही वाचायला मिळत नाही. रेक्रेआतिवोवर माझा विशेष जीव आहे. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा क्लब नेमका कुठला?

वेल्वा या शहराचा. स्पेनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, आंदालुसिया प्रांतात, पोर्तुगालच्या सीमेजवळ हे बंदर आहे. ओदिएल आणि तिंतो या दोन नद्या इथे समुद्राला मिळतात. कोलंबस ३ ऑगस्ट १४९२ रोजी ज्या पालोस गावातून निघाला, ते इथून अगदी जवळ, तिंतोच्या पलीकडच्या काठावर आहे. सेव्हियापासून वेल्वा साधारण ९० किलोमीटर. लोकवस्ती दीड लाखाच्या आतली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी.

क्लबचं पूर्ण नाव रेआल क्लुब रेक्रेआतिवो दे वेल्वा. 'रेआल' म्हणजे राजमान्य. राजा आल्फोन्सो तेरावा याच्या काळात ही उपाधी मिळाली. गावातले लोक मात्र नुसतं 'रेक्रे' म्हणतात. पत्रकार आणि प्रतिस्पर्धी त्याला 'एल देकानो' म्हणतात, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ. जर्सी निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची.

सध्या कुठल्या श्रेणीत आहे? आणि स्पेनमधल्या या श्रेण्या लावायच्या कशा?

२०२४-२५ च्या हंगामाअखेर रेक्रे तिसऱ्या पातळीवरून चौथ्या पातळीवर घसरला.

श्रेण्यांची मांडणी २०२१ मध्ये बदलली, त्यामुळे जुने लेख वाचताना गोंधळ होतो. सर्वांत वर प्रिमेरा, म्हणजे आपण जिला ला लीगा म्हणतो ती, २० संघांची. तिच्याखाली सेगुन्दा, २२ संघांची. या दोनच श्रेण्या पूर्ण व्यावसायिक. तिसऱ्या पातळीचं नाव प्रिमेरा फेदेरासिओन, तिच्यात दोन गटांत मिळून ४० संघ. चौथी सेगुन्दा फेदेरासिओन, पाच गटांची. पाचवी तेर्सेरा फेदेरासिओन, ती १८ गटांत विभागलेली. नावात 'प्रिमेरा' म्हणजे पहिली असलं तरी प्रिमेरा फेदेरासिओन ही तिसरी पातळी आहे, एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं सुटतं. २०२१ पूर्वी तिसऱ्या पातळीला सेगुन्दा बे म्हणत. खाली ते नाव येईल.

स्पेनमध्ये फुटबॉल आधी माद्रिद-बार्सिलोनात न येता वेल्वासारख्या कोपऱ्यातल्या बंदरात कसा आला?

खाणीमुळे. रेक्रेचा इतिहास सांगताना बहुतेक जण थेट १८८९ पासून सुरुवात करतात. मला ते अपुरं वाटतं, कारण त्या आधीची सोळा वर्षं कळली नाहीत तर हा क्लब कुठून आला तेच कळत नाही.

वेल्वाच्या उत्तरेला रिओतिंतोच्या डोंगरात तांबं आणि गंधकयुक्त खनिज रोमन काळापासून काढलं जातं. १८७३ मध्ये कर्जबाजारी झालेल्या स्पॅनिश सरकारने या खाणी विकायला काढल्या. ह्यू मॅथेसन या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने जमलेल्या गुंतवणूकदारांनी त्या घेतल्या आणि लंडनमध्ये रिओ टिंटो कंपनी उभी राहिली. आज जगभर खाणी चालवणारी रिओ टिंटो ती हीच. कंपनीने डोंगरापासून बंदरापर्यंत ८० किलोमीटरहून लांब रेल्वे टाकली आणि वेल्वाच्या किनाऱ्यावर खनिज जहाजात ओतण्यासाठी प्रचंड मोठा धक्का बांधला. इंजिनिअर, कारकून, डॉक्टर, रेल्वेचे अधिकारी, बोटींचे दलाल असे शेकडो ब्रिटिश लोक इथे येऊन राहिले. त्यांच्या वसाहती वेगळ्या, चर्च वेगळं, दफनभूमी वेगळी. आणि रविवारी खेळायला त्यांचे खेळही वेगळे.

याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. खनिजातलं गंधक काढण्यासाठी कंपनी उघड्यावर त्याचे ढीग रचून महिनोन् महिने जाळत असे. त्या धुराने पिकं करपत, माणसं खोकून बेजार होत. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी खाणकामगार आणि आसपासचे शेतकरी एकत्र येऊन रिओतिंतोच्या चौकात जमले. सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, पण त्या भागातले लोक पिढ्यान् पिढ्या याच्या कितीतरी पट जास्त आकडा सांगत आले आहेत. तिथे त्या वर्षाला आजही 'गोळ्यांचं वर्ष' म्हणतात. क्लब स्थापन झाला तो त्यानंतर दोन वर्षांच्या आत. फुटबॉल आणणारे हात आणि तो धूर सोडणारे हात एकाच कंपनीचे होते, ही गोष्ट क्लबच्या गौरवगाथेत वगळू नये असं मला मनापासून वाटतं.

क्लबची स्थापना कोणी आणि कधी केली?

२३ डिसेंबर १८८९. नाव ठेवलं 'वेल्वा रिक्रिएशन क्लब'. पुढाकार विल्यम अलेक्झांडर मॅकाय या स्कॉटिश डॉक्टरचा. तो कंपनीच्या वैद्यकीय सेवेत होता आणि कामगारांची तब्येत मोकळ्या हवेतल्या व्यायामाने सुधारते, असं त्याचं ठाम मत होतं. पहिले अध्यक्ष चार्ल्स अॅडम. स्थापनेची सभा भरली ती ओतेल कोलोनमध्ये. काही वर्षांपूर्वीच बांधलेलं ते मोठं, देखणं हॉटेल होतं. त्याची इमारत 'कासा कोलोन' नावाने अजून उभी आहे आणि तिथे आता सार्वजनिक कार्यक्रम होतात.

योगायोगाची एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांसाठी: कोलकात्याचा मोहन बागानही १८८९ चाच, रेक्रेपेक्षा चार महिन्यांनी मोठा.

क्लब फक्त फुटबॉलचा होता का?

नाही. क्रिकेट, टेनिस, सायकल शर्यती, सगळंच चाले. नावातच करमणूक होती. टेनिसची शाखा पुढे स्वतंत्र क्लब झाली आणि १९१२ पासून तिथे राजाच्या चषकाची टेनिस स्पर्धा भरते आहे. क्रिकेट मात्र इंग्रजांबरोबर आलं आणि त्यांच्याबरोबरच गेलं.

पहिला सामना कुठला?

८ मार्च १८९०, सेव्हियाच्या ताब्लादा या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, सेव्हिया फुटबॉल क्लबविरुद्ध.

याची हकिगत वाचण्यासारखी आहे. सेव्हियातल्या ब्रिटिशांनीही त्याच सुमारास आपला क्लब काढला होता. त्यांचे सचिव आयझाया व्हाइट यांनी फेब्रुवारीअखेर वेल्वाच्या क्लबला पत्र पाठवलं: आमच्याकडे या, असोसिएशनच्या (म्हणजे रग्बीच्या नव्हे, आजच्या फुटबॉलच्या) नियमांनी सामना खेळू. वेल्वाची मंडळी रेल्वेने सेव्हियाला गेली. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव झाले. दोन्ही संघ बहुतेक ब्रिटिशांचेच, पण वेल्वाच्या अकरांत दुक्लोस आणि कोतो ही दोन स्पॅनिश नावं आहेत. सेव्हियाने २-० ने सामना जिंकला, पहिला गोल रिट्सन नावाच्या खेळाडूचा. नंतर दोन्ही संघ एकत्र जेवले.

स्पेनमध्ये दोन रीतसर क्लबांत असोसिएशनच्या नियमांनी खेळला गेलेला हा पहिला नोंदलेला सामना. ज्यांच्यामुळे स्पेनमध्ये क्लब फुटबॉलची तारीख मोजली जाते ते रेक्रेवाले तो सामना हरले होते, याचं वेल्वातल्या कुणालाच वाईट वाटत नाही. त्या सामन्यात आपण होतो, हेच त्यांना पुरतं.

रेक्रे खरोखरच सर्वांत जुना आहे का? याबद्दल वाद आहे ना?

वाद आहे, आणि तो तीन बाजूंनी येतो.

पहिली बाजू तारागोनाच्या जिम्नास्तिकची. तो क्लब १८८६ चा, म्हणजे रेक्रेपेक्षा तीन वर्षांनी जुना. पण तो व्यायामशाळेचा क्लब होता, फुटबॉलचा विभाग १९१४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे फुटबॉल क्लब म्हणून तो नंतरचा धरतात.

दुसरी बाजू रिओतिंतोच्या खाणगावाची. तिथे इंग्रज लोक १८७० च्या दशकापासूनच चेंडू खेळत होते, हे खरं आहे. डोंगरातला फुटबॉल बंदरातल्या फुटबॉलपेक्षा जुना असणं स्वाभाविकही आहे. पण तिथून अखंड चालत आलेला फुटबॉल क्लब नाही.

तिसरी बाजू सेव्हियाची, आणि तीच सगळ्यांत जोरदार. सेव्हिया क्लब आपला जन्म पूर्वी १४ ऑक्टोबर १९०५ चा मानत असे. मग स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या एका वृत्तपत्राच्या मार्च १८९० च्या अंकात क्लबच्या स्थापनेची बातमी सापडली आणि तारीख मागे सरकून २५ जानेवारी १८९० झाली. तरीही रेक्रे महिनाभराने मोठाच ठरतो. सेव्हियाचं म्हणणं असं की वेल्वाचा क्लब सगळ्या खेळांचा होता, निव्वळ फुटबॉलसाठी निघालेला पहिला क्लब आमचा.

माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आज जे क्लब फुटबॉल खेळतात त्यांच्यात सर्वांत आधी फुटबॉल खेळू लागलेला क्लब कोणता, असा प्रश्न असेल तर उत्तर रेक्रे. स्पॅनिश फुटबॉलमध्ये 'देकानो' हा मान त्यालाच दिला जातो. तुलनेसाठी: अॅथलेटिक बिल्बाओ १८९८ चा, बार्सिलोना १८९९ चा, रेआल माद्रिद १९०२ चा.

इतका जुना असून मोठा का झाला नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि त्याला एका ओळीत उत्तर नाही.

सुरुवातीला रेक्रे राष्ट्रीय पातळीवर होता. १९०६ च्या कोपा देल रे, म्हणजे राजाच्या नावाच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेत, तीनच संघ होते: माद्रिद, अॅथलेटिक बिल्बाओ आणि रेक्रे. पण तोवर फुटबॉलचं बळ सरकू लागलं होतं. बिल्बाओला लोखंड आणि पोलादाचे कारखाने होते, बार्सिलोनाला कापडाच्या गिरण्या, माद्रिदला राजधानीचा पैसा. तिथे लोकसंख्या वाढत गेली, तिकीट काढून येणारे प्रेक्षक वाढले, त्यातून पगारी खेळाडू आले. वेल्वात खाण होती, पण खाणीचा नफा लंडनला जात होता. बंदरातून खनिज बाहेर जाई आणि गावात मजुरी तेवढी राही.

१९२९ मध्ये दहा संघांची पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा क्लब चाळिशीत होता आणि त्या दहांत त्याचं नाव नव्हतं. १९४० मध्ये तो पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत पोचला, पण टिकला नाही. १९५४ मध्ये फ्रँकोच्या राजवटीत खाणी स्पॅनिश भांडवलाकडे आल्या आणि इंग्रजांचा काळ संपला. पहिल्या श्रेणीत पोचायला १९७८ उजाडलं. म्हणजे जन्मानंतर ८८ वर्षं.

कुणी याला अपयश म्हणेल. दीड लाखाच्या आतल्या गावाने, कुठल्याही मोठ्या उद्योगपतीशिवाय, इतकी वर्षं क्लब बंद पडू दिला नाही, हे मला मोठं वाटतं.

पहिल्या श्रेणीत किती हंगाम खेळला?

पाच: १९७८-७९, २००२-०३, आणि २००६ ते २००९ असे सलग तीन. पहिल्या खेपेला शेवटच्या क्रमांकावर राहून लगेच खाली आला. मधल्या काळात, १९९० मध्ये, तिसऱ्या पातळीपर्यंत घसरला होता. तिथून १९९८ मध्ये वर काढलं ते प्रशिक्षक होआकिन कापारोस यांनी, जे पुढे सेव्हियाचे मोठे प्रशिक्षक झाले. त्या वर्षापासून २०१५ पर्यंत सतरा वर्षं रेक्रे व्यावसायिक श्रेण्यांत टिकून होता. क्लबचा सुवर्णकाळ म्हणायचा तो हाच.

२००३ ची कोपा देल रे फायनल काय होती?

रेक्रेच्या इतिहासातली एकमेव मोठी फायनल. लुकास आल्काराझ प्रशिक्षक होते. क्लब त्या हंगामात पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठी झगडत होता आणि त्याच वेळी कपमध्ये एकेक फेरी पार करत गेला. उपांत्य फेरीत ओसासुनाला हरवलं.

लीग संपली तेव्हा रेक्रे १८ व्या स्थानावर होता, म्हणजे खालच्या श्रेणीत गेलेला. त्यानंतर काही दिवसांतच, २८ जून २००३ रोजी, एल्चे शहरातल्या मार्तिनेस वालेरो मैदानावर मायोर्काविरुद्ध अंतिम सामना झाला. मायोर्काने ३-० ने जिंकला: पांदियानीचा पेनल्टीवर एक, आणि मग सॅम्युएल एतोचे दोन. बावीस वर्षांचा एतो तेव्हा कुणालाच आवरत नव्हता.

त्या दिवशी वेल्वातून गाड्यांच्या गाड्या भरून लोक एल्चेला गेले होते. खालच्या श्रेणीत गेलेल्या संघाची फायनल बघायला एवढं गाव निघतं, यावरून रेक्रेचं गावाशी नातं काय आहे ते समजतं.

बेर्नाबेऊवर, म्हणजे रेआल माद्रिदच्या मैदानावर, खरंच ३-० ने जिंकले होते?

हो. २० डिसेंबर २००६, रेआल माद्रिद ० – रेक्रेआतिवो ३.

तो संघ मार्सेलिनो गार्सिया तोराल यांनी बांधला होता. २००५-०६ मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून रेक्रे वर आला. माद्रिदकडे फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक, संघात जगभरातले तारे. त्या रात्री फ्लोराँ सिनामा-पोंगोल, इकेचुकवू उचे आणि विकेइरा यांनी गोल केले. माद्रिदचा तोच संघ पुढे त्या हंगामाचा विजेता ठरला, म्हणजे रेक्रेने काही ढेपाळलेल्या माद्रिदला हरवलं नव्हतं.

पण वेल्वात ही रात्र फक्त आनंदाची म्हणून कुणी आठवत नाही. सामन्यासाठी माद्रिदला निघालेल्या रेक्रेच्या पाठीराख्यांच्या बसला वाटेत अपघात झाला आणि चार जण गेले. खेळाडूंनी विजय त्यांना अर्पण केला. त्या रात्रीबद्दल लिहिताना ३-० हा आकडा आणि ते चार जण वेगळे काढता येत नाहीत, निदान मला तरी नाही.

त्या हंगामात रेक्रे आठवा आला, ५४ गुणांसह. क्लबची आजवरची सर्वोत्तम कामगिरी.

रेक्रेकडून खेळलेले ओळखीचे खेळाडू कोण?

सान्ती कासोर्ला. पुढे आर्सेनलमध्ये तो सगळ्यांचा लाडका झाला, पण पहिल्या श्रेणीत पूर्ण हंगाम, रोजच्या रोज खेळायला त्याला मिळालं ते २००६-०७ मध्ये वेल्वात. त्यानंतर व्हिलारेआलने त्याला परत नेलं, दोन वर्षांत तो स्पेनबरोबर युरोपियन विजेता झाला. सिनामा-पोंगोल लिव्हरपूलमधून आला होता. उरुग्वेचा बचावपटू मार्तिन कासेरेस २००७-०८ मध्ये उसनवारीवर इथे खेळला आणि इथूनच त्याला बार्सिलोनाने उचललं. कासोर्ला खेळताना बघितला असेल तर त्याचे रेक्रेच्या पट्टेरी जर्सीतले जुने गोल जरूर शोधा. दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने मारणारा तो मुलगा तेव्हाच पूर्ण तयार दिसतो.

मग घसरण कशी झाली? क्लब बंद पडणार होता म्हणतात, ते खरं का?

बंद पडायला आला होता. २००९ मध्ये पहिल्या श्रेणीतून, २०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून खाली. उत्पन्न आटलं, देणी तशीच राहिली. करखात्याची थकबाकी, खेळाडूंचे थकलेले पगार, कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार. स्पेनमध्ये खेळाडूंची देणी मुदतीत चुकती केली नाहीत तर महासंघ क्लबला आणखी खालच्या श्रेणीत ढकलतो, आणि अशा वेळी बहुतेक जुने क्लब गुंडाळले जातात. मग तेच गाव, तेच रंग घेऊन नव्या नावाने तळापासून नवा क्लब उभा राहतो. गेल्या वीस वर्षांत स्पेनच्या अनेक शहरांत हे घडलं. सालामांकाचं उदाहरण आहेच: १९२३ चा जुना क्लब २०१३ मध्ये बंद झाला.

वेल्वात तसं घडलं नाही, ते क्लबच्या वयामुळे. १८८९ ही तारीख तोवर फक्त अभिमानाची होती. २०१६ च्या उन्हाळ्यात ती कायद्याच्या कामी आली.

समर्थक आधीपासून रस्त्यावर होते. मोर्चे निघाले, सामन्यांत मालकांविरुद्ध घोषणा झाल्या, 'रेक्रे ट्रस्ट' नावाने समर्थकांची संघटना उभी राहिली आणि लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे घालून शेअर घेतले. आंदालुसियाच्या प्रांतिक सरकारने क्लबच्या कार्याला 'सांस्कृतिक वारसा' म्हणून संरक्षण दिलं. स्पेनमध्ये हा दर्जा आल्हाम्ब्रासारख्या वास्तूंना असतो. इथे तो एका फुटबॉल क्लबला, समाजजीवनाचा वारसा म्हणून मिळाला. त्यानंतर महापौर गाब्रिएल क्रूस यांच्या नगरपालिकेने खासगी मालकाकडचे शेअर सक्तीने ताब्यात घेतले. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन संपादन करतात, तसंच इथे क्लबचं संपादन झालं. मुदत संपता संपता खेळाडूंची देणी भागवली गेली आणि क्लब जागेवर राहिला.

यावर टीकाही झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. करदात्यांचा पैसा फुटबॉल क्लबात का घालायचा? दवाखाने, शाळा यांचं काय? नगरपालिकेला क्लब चालवता येतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही वर्षांनी फारसं चांगलं दिलं नाही. तरी निर्णय योग्यच होता असं मी मानतो. एकदा बंद पडलेला १८८९ चा क्लब पुन्हा काढता येत नाही. नव्या क्लबला रंग देता येतात, वय देता येत नाही.

संपादनानंतर काय झालं?

चढउतार, आणि त्यात उतार जास्त. २०१८-१९ मध्ये सेगुन्दा बेच्या आपल्या गटात रेक्रे पहिला आला. वाटलं, आता दुसरी श्रेणी. पण प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बढती ठरवणाऱ्या सामन्यांत, संधी गेली. त्यानंतर २०२०-२१ मध्ये हंगाम पूर्ण फसला, आणि नेमकी त्याच वर्षी श्रेण्यांची फेररचना होती. त्यामुळे तिसऱ्या पातळीवरचा रेक्रे एका फटक्यात पाचव्या पातळीवर जाऊन पडला. १९६५ पासून कोलोम्बिनो ट्रॉफीसाठी बड्या संघांना आपल्या मैदानावर बोलावणारा क्लब आता आसपासच्या गावांच्या संघांशी, पाचपन्नास माणसांच्या कठड्यांसमोर खेळत होता.

घरच्या मैदानावर मात्र हजारो लोक येतच राहिले. पाचव्या पातळीवर एवढी गर्दी स्पेनमध्ये क्वचित दिसते. २०२२ मध्ये रेक्रे चौथ्या पातळीवर आला, २०२३ मध्ये तिसऱ्या. लागोपाठ दोन हंगामांत दोन पायऱ्या. मग २०२५ मध्ये पुन्हा एक पायरी खाली.

मैदान कुठलं?

नुएवो कोलोम्बिनो, २००१ पासून, ओदिएलच्या खाडीलगत, सुमारे २१,००० प्रेक्षकांचं. चौथ्या पातळीवरच्या क्लबसाठी हे फारच मोठं आहे आणि देखभालीचा बोजाही तेवढाच. त्याआधी १९५७ पासून जुनं कोलोम्बिनो होतं. त्याच्याही आधी वेलोद्रोमो, जे १८९२ मध्ये, कोलंबसच्या सफरीच्या चारशेव्या वर्षी खुलं झालं आणि पासष्ट वर्षं वापरात राहिलं. अगदी सुरुवातीचे सामने गॅसच्या कारखान्याजवळच्या मोकळ्या जागेत व्हायचे.

कोलोम्बिनो ट्रॉफी म्हणजे काय?

१९६५ पासून भरणारी उन्हाळी मैत्रीपूर्ण स्पर्धा. कोलंबसच्या प्रस्थानाच्या स्मरणार्थ ऑगस्टच्या सुरुवातीला वेल्वात जत्रा असते, तेव्हा ही भरते. रेक्रे कुठल्याही श्रेणीत असो, त्या आठवड्यात गावात मोठे क्लब येतात.

महिलांचा संघ याच क्लबचा का?

नाही. स्पोर्तिंग दे वेल्वा हा वेगळा क्लब, पण त्याचा उल्लेख केल्याशिवाय वेल्वाच्या फुटबॉलची माहिती पुरी होत नाही. २०१५ मध्ये त्या मुलींनी कोपा दे ला रेइना, म्हणजे महिलांचा राष्ट्रीय चषक, जिंकला. रेक्रेच्या पुरुषांना जो राष्ट्रीय चषक कधी मिळाला नाही, तो शहरात आणला तो त्यांनी.

वेल्वाला गेलो तर काय बघावं?

सामना असेल तर सामना. तिकिटं सहज मिळतात, ला लीगाच्या मानाने स्वस्तही असतात. नसेल तर सेव्हियाहून सकाळी गाडी किंवा बस पकडा. कासा कोलोन बघा, जिथे स्थापनेची सभा झाली. तिथून रेइना विक्तोरिया मोहल्ल्यात जा: कंपनीने कामगारांसाठी बांधलेली, इंग्लंडमधल्या गावासारखी दिसणारी छोटी घरं, पुढे बाग, आणि आत राहणारी आंदालुसियन कुटुंबं. संध्याकाळी खनिजाच्या जुन्या धक्क्यावर चालत जा. दोन मजली लाकूड-लोखंडाचा तो सांगाडा पाण्यात दूरवर गेला आहे. खनिजाच्या वाघिणी उताराने आपोआप पुढे जाऊन रिकाम्या होतील, अशी त्याची रचना होती. आता तिथे लोक फिरायला आणि गळ टाकायला येतात.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर रिओतिंतोला जा. कंपनीच्या जुन्या इस्पितळात खाणीचं संग्रहालय आहे आणि जुन्या रेल्वेमार्गाच्या सुमारे १२ किलोमीटरच्या पट्ट्यावर पर्यटकांसाठी गाडी चालते. रुळाच्या कडेने वाहणारी तिंतो नदी लोखंड आणि आम्लामुळे खरोखर लाल आहे. इंग्रजांची बेयाविस्ता वसाहतही तिथेच आहे. गाडीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी आरक्षण करून ठेवा.